रुळांची रुंदी कोणाच्या मालकीची?

कायद्याच्या विद्यार्थ्यांना जबलपूर हे नाव एका खटल्यामुळे ठाऊक असते. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पदनामाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी असा निर्वाळा दिला की, आणीबाणीत बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना यांचे मत एकट्याचे पडले. पुढे २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने आपली ती चूक स्वतःच दुरुस्त केली. काही महिन्यांपूर्वी याच विषयावर बोलण्यासाठी मी जबलपूरला गेलो होतो.

व्याख्यानानंतरचे प्रश्न अपेक्षेप्रमाणे आणीबाणीवरचे होते. सभागृह रिकामे होऊ लागले तेव्हा एक तिशीतला तरुण मात्र मागे थांबला. हातात एक पाकीट होते. ‘सर, माझा प्रश्न एवढा मोठा नाही,’ असे म्हणत त्याने ते माझ्यापुढे धरले. आत एका वकिलाची नोटीस होती. त्या रात्री ती मी दोनदा वाचली आणि त्याचा प्रश्न लहान नाही, याची खात्री पटली.

हा तरुण जबलपुरात पाच माणसांची सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. शहरातल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाने दहाएक वर्षांपूर्वी रुग्णांच्या नोंदी ठेवण्यासाठी बाहेरगावच्या एका कंपनीची प्रणाली विकत घेतली होती. पुढे रुग्णालयाने स्वतःची प्रयोगशाळा उभारली आणि तिथल्या तपासण्यांचे आकडे थेट या नोंदींत जावेत, असे डॉक्टरांना वाटू लागले. मूळ कंपनीने या जोडणीसाठी सांगितलेली किंमत रुग्णालयाला परवडणारी नव्हती. काम या तरुणाकडे आले. जुनी प्रणाली कोणत्या क्रमाने माहिती मागते, कोणत्या नावाच्या आज्ञेला कसे उत्तर देते, हे त्याने रुग्णालयाच्याच संगणकावर बसून पाहिले आणि तीच नावे, तोच क्रम वापरून मधला दुवा म्हणून एक छोटी प्रणाली स्वतः लिहिली. मूळ प्रणालीच्या आतला एकही भाग त्याने घेतला नव्हता. तो त्याला उपलब्धही नव्हता.

चार महिने सगळे सुरळीत चालले. मग नोटीस आली. तुम्ही आमच्या इंटरफेसची नक्कल केली आहे, हा प्रताधिकाराचा भंग आहे, परवान्याच्या करारानुसार प्रणालीची उलट उकल करण्यास मनाई आहे आणि दुवा काढला नाही तर दिवाणी दाव्याबरोबर फौजदारी कारवाईही होईल, असा तिचा आशय. रुग्णालयाने घाबरून दुवा काढून टाकला. आता एक परिचारिका प्रयोगशाळेच्या पडद्यावरचे आकडे वाचते आणि शेजारच्या पडद्यावर हाताने भरते. मध्यंतरी अशाच नोंदीत एका रुग्णाच्या पोटॅशियमचा आकडा ३.५ ऐवजी ५.३ असा पडला. पाळीवरच्या डॉक्टरांना शंका आली म्हणून औषध देण्याआधी मूळ अहवाल पाहिला गेला आणि अनर्थ टळला.

या नोटिशीमागचा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी इंटरफेस म्हणजे काय, हे पाहायला हवे. न्यायालयात दावा दाखल करण्याच्या खिडकीचे उदाहरण घेऊ. अर्ज कोणत्या नमुन्यात असावा, कोणत्या रकान्यात काय लिहावे, सोबत कोणते कागद जोडावेत आणि त्या बदल्यात पावतीवर काय मिळेल, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक असावे लागते. खिडकीमागे कारकून नोंदवही कशी ठेवतो, हा त्याच्या कार्यालयाचा प्रश्न. संगणक प्रणालीचा इंटरफेस म्हणजे ही खिडकी आणि तिचा नमुना. आतले काम करणारा कोड म्हणजे खिडकीमागचे कार्यालय. दोन प्रणालींना एकमेकींशी बोलायचे असेल तर नमुना जसाच्या तसा पाळावाच लागतो. रकान्याचे नाव बदलून चालत नाही. बदलले की अर्ज परत येतो.

आपण सगळे रोज अशी एक खिडकी वापरतो आणि तिच्या नावातच इंटरफेस हा शब्द आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे एका बँकेचा खातेदार दुसऱ्याच कंपनीच्या ॲपवरून तिसऱ्या बँकेतल्या दुकानदाराला पैसे पाठवू शकतो. ॲप कोणाचे, बँक कोणाची, याने फरक पडत नाही, कारण नमुना सामाईक आहे. हा नमुना एखाद्या बँकेची खासगी मालमत्ता असता तर भाजीवाल्याच्या गाडीवर बँकागणिक वेगळी पाटी लावावी लागली असती.

मग नमुन्यावर प्रताधिकार असू शकतो का? आपल्याकडे १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रणालीला ‘साहित्यकृती’त स्थान मिळाले. कादंबरीला जे संरक्षण, तेच प्रणालीला. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. पण कादंबरीबाबतही कायदा कल्पना आणि अभिव्यक्ती यांत भेद करतो. आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कल्पना, विषय, कथाबीज यांवर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती त्यांच्या विशिष्ट मांडणीवर. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराचे नववे कलम याच्याही पुढे जाऊन कार्यपद्धती आणि चालवण्याच्या रीती प्रताधिकाराबाहेर ठेवते. त्या करारावर भारताची सही आहे.

त्यातही, एखादी कल्पना मांडण्याचा मार्ग एकच असेल तर ती मांडणीसुद्धा मुक्त ठेवावी लागते. नाहीतर मांडणीच्या आडून कल्पनेचीच मक्तेदारी मिळते. हे तत्त्व भारतीय न्यायालयाने लागू केल्याचे उदाहरण शब्दकोड्याच्या एका खेळाचे आहे. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी ‘स्क्रॅब्युलस’ हा खेळ इंटरनेटवर आणला तेव्हा ‘स्क्रॅबल’ची मालक मॅटेल ही कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २००८ मध्ये न्या. रवींद्र भट यांनी नावाच्या साम्यावरून व्यापारचिन्हापुरता मनाई हुकूम दिला. पण खेळाच्या पटावर आणि नियमांवर प्रताधिकार मान्य केला नाही. नियम मांडण्याचे मार्गच इतके थोडे, की त्यांना संरक्षण देणे म्हणजे खेळच एकाच्या मालकीचा करणे, असा त्यामागचा विचार होता. आज्ञांची नावे आणि रकान्यांचा क्रम यांना हा युक्तिवाद शब्दकोड्यापेक्षाही अधिक चपखल लागू पडतो, असे माझे मत आहे.

जगभर या प्रश्नावर मोठ्या लढाया झाल्या आहेत. जुन्या वाचकांना ‘लोटस १-२-३’ आठवत असेल. त्याच्या मेनूतील आज्ञांची रचना बोरलँडने आपल्या प्रणालीत घेतली, तेव्हा अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९९५ मध्ये ती रचना ‘चालवण्याची रीत’ ठरवून प्रताधिकाराबाहेर ठेवली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींचे मत चार विरुद्ध चार असे विभागले आणि तो निकाल कायम राहिला. त्यानंतरचा सर्वांत गाजलेला खटला ओरॅकल आणि गूगल यांचा. अँड्रॉइड तयार करताना गूगलने जावाच्या इंटरफेसमधल्या सुमारे ११,५०० ओळी जशाच्या तशा घेतल्या. आतले काम करणारा कोड मात्र स्वतः लिहिला. जावाच्या या संचातील एकूण ओळी सुमारे २८ लाख ६० हजार. म्हणजे घेतलेला भाग अर्ध्या टक्क्याहूनही कमी. २०१० साली सुरू झालेला हा दावा ५ एप्रिल २०२१ रोजी संपला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलचा वापर ‘न्याय्य वापर’ ठरवला.

या निकालाचा दाखला आपल्याकडेही उत्साहाने दिला जातो. जबलपूरच्या तरुणानेही आपल्या उत्तराच्या मसुद्यात तो लिहिला होता. मला त्याला निराश करावे लागले. इंटरफेसवर प्रताधिकार असतो की नाही, या मूळ प्रश्नाला न्या. ब्रेयर यांच्या निकालपत्राने हात घातला नाही. तो असतो असे वादापुरते गृहीत धरून त्यांनी केवळ वापर न्याय्य होता का, एवढे तपासले. आणि नेमका हा बचाव आपल्याकडे बंद आहे. आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये अभ्यास, समीक्षा, वृत्तांकन अशा कामांसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. पण त्या तरतुदीतून संगणक प्रणाली स्पष्ट शब्दांत वगळली आहे. गूगलला वॉशिंग्टनमध्ये जो दरवाजा सापडला, तो जबलपुरात नाही.

आपल्याकडे दुसरा दरवाजा आहे आणि तो अधिक नेमका आहे. १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये काही पोटकलमे आली आणि १५ जानेवारी २००० पासून ती लागू झाली. त्यांपैकी ‘एबी’ हे पोटकलम सांगते की, स्वतंत्रपणे तयार केलेली प्रणाली इतर प्रणालींबरोबर चालावी यासाठी अत्यावश्यक असलेली माहिती मिळवण्यास जी कृती गरजेची आहे, ती प्रणालीच्या कायदेशीर धारकाने केल्यास प्रताधिकाराचा भंग होत नाही. अट एवढीच की, ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. पुढचे ‘एसी’ पोटकलम प्रणालीचे कार्य पाहून, अभ्यासून, तपासून तिच्यामागची तत्त्वे समजून घेण्यास मुभा देते. जबलपूरच्या तरुणाने याहून वेगळे काय केले? रुग्णालय हे प्रणालीचे कायदेशीर धारक होते, त्याच्या संमतीने आणि त्याच्याच संगणकावर काम झाले, आणि नमुना कंपनीने कुठे प्रसिद्ध केलेला नव्हता.

इथे वाचकांना एका जुन्या जोडणीची आठवण करून देतो, कारण ती याच शहरातली आहे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादेकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांचे रूळ मार्च १८७० मध्ये जबलपूरला एकमेकांना जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग पूर्ण झाला. कंपन्या वेगळ्या, भागधारक वेगळे, इंजिने आणि डबे ज्याचे त्याचे. रुळांमधले अंतर मात्र एकच, साडेपाच फूट. कारण लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत सरकारने ते ठरवून दिले होते. याच जबलपूरहून नैनपूर, बालाघाटमार्गे गोंदियाला जाणारी सातपुड्यातली छोटी गाडी अडीच फुटी रुळांवरून धावत असे. तिच्यातला माल मोठ्या गाडीत न्यायचा तर तो उतरवून पुन्हा चढवावा लागे. विदर्भातल्या जुन्या व्यापाऱ्यांना त्या हमालीचा, विलंबाचा आणि फुटतुटीचा हिशेब पाठ असे. रुंदीकरणानंतर आता ती कटकट संपली. एका पडद्यावरचे आकडे दुसऱ्या पडद्यावर उतरवणारी परिचारिका आज तीच हमाली करते आहे.

इंजिन घडवणाऱ्याला त्याच्या इंजिनाचे मोल मिळालेच पाहिजे. पण रुळांची रुंदी हे इंजिन नव्हे. हा फरक पटला की इंटरफेसचा बराचसा गुंता सुटतो.

नोटिशीत आणखी एक मुद्दा होता: तुमचा कोड आमच्या प्रणालीला ‘जोडला’ जातो, म्हणून तो आमच्याच कृतीतून निघालेली कृती ठरतो. हा युक्तिवाद मोठ्या कंपन्या करतात तसाच मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतले काही जणही करतात. तिथे हेतू उदात्त असतो. जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याखाली दिलेला कोड वापरून जे तयार होईल, तेही त्याच परवान्याखाली खुले व्हावे, अशी त्या चळवळीची भूमिका आहे. तयार तुकड्यांच्या संचाशी, म्हणजे लायब्ररीशी, नुसती जोडणी केली तरी हे बंधन लागू होते, असे त्यांचे म्हणणे.

जोडणी दोन प्रकारची असते. एकीत लायब्ररीचा हवा तो भाग नव्या प्रणालीत उतरवून घेतला जातो आणि दोन्हींची मिळून एकच फाइल होते. दुसरीत नवी प्रणाली चालू असताना फक्त नाव घेऊन लायब्ररीला हाक मारते. लायब्ररी आपल्या जागी, आपल्या फाइलमध्येच राहते. ग्रंथव्यवहारातले उदाहरण द्यायचे तर पहिली म्हणजे दुसऱ्याच्या पुस्तकातले प्रकरण आपल्या पुस्तकात छापणे आणि दुसरी म्हणजे तळटीपेत ‘अमुक पुस्तकाचे पृष्ठ ४२ पाहा’ असे लिहिणे. पहिल्यासाठी परवानगी लागते. दुसऱ्यासाठी ती लागावी, असे कोणी म्हणत नाही.

जोडणीच्या या वादातली भाषा अमेरिकी कायद्यातून आलेली आहे. तिथे ‘साधित कृती’ ही व्यापक संज्ञा आहे. आपल्या कायद्यात संगणक प्रणालीबाबत दोनच गोष्टी पाहायच्या असतात. एक, मूळ कृतीची किंवा तिच्या लक्षणीय भागाची प्रत झाली का? दोन, मूळ कृतीची पुनर्रचना किंवा तिच्यात फेरफार करून तिचे ‘रूपांतर’ झाले का? नाव घेऊन हाक मारण्यात प्रतही होत नाही आणि फेरफारही होत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या प्रणालीच्या परवान्यासोबत, नेहमीच्या मार्गाने तिच्या सेवा वापरणाऱ्या प्रणाली तिच्यातून साधित मानल्या जाणार नाहीत, असा खुलासा जोडला आहे, तो याच समजुतीतून. माझी सहानुभूती मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने आहे. तरीही मला वाटते, जबलपूरच्या तरुणाला वाचवणारा नियम त्या चळवळीलाही पाळावा लागेल. शिवाय युनिक्सचा इंटरफेस जर कोणाच्या कुलपात असता, तर मुक्त सॉफ्टवेअरचा पायाच घातला गेला नसता.

कायदा इतका अनुकूल असताना रुग्णालयाने दुवा का काढला? कारण तीन आहेत, आणि तिन्ही धोरणकर्त्यांनी लक्ष द्यावे अशी आहेत.

पहिले कारण शिक्षेची भीती. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. २०२२ मध्ये ‘निट प्रो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. चित्रपटांच्या चोरट्या प्रती विकणाऱ्यांसाठी ही कठोरता योग्य असेल. पण दोन प्रणालींमधला दुवा आणि चोरटी प्रत यांतला फरक पोलीस ठाण्यात कोण समजावणार? पाच माणसांची कंपनी हा धोका पत्करत नाही, रुग्णालय तर नाहीच.

दुसरे कारण करार. कलम ५२ म्हणते की ही कृती प्रताधिकाराचा भंग नाही. पण परवान्याच्या करारात उलट उकलीला मनाई असेल तर करारभंगाचे काय, याबाबत आपला कायदा गप्प आहे. युरोपीय संघाच्या निर्देशात असा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरेल, असे स्पष्ट लिहिले आहे. हे मौन किती महाग पडू शकते, हे सॅस इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड प्रोग्रॅमिंग या दोन कंपन्यांच्या भांडणात दिसले. प्रणालीचे कार्य, तिची भाषा आणि फाइलींचा नमुना यांवर प्रणालीच्या प्रताधिकाराचा हक्क पोहोचत नाही, असे युरोपीय न्यायालयाने मे २०१२ मध्ये ठरवले. तरीही अमेरिकेतल्या न्यायालयात सॅसने करारभंग आणि फसवणुकीच्या आधारे त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलरचा निवाडा मिळवला. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो आपल्या भूमीवर अमलात आणण्यास नकार दिला. प्रताधिकाराने जे दार उघडले, ते कराराने बंद करता येते का, यावर दोन देशांनी अशी दोन उत्तरे दिली. भारताने आपले उत्तर अजून लिहिलेले नाही. आपल्या करार कायद्याच्या कलम २३ चा आधार घेऊन, कायद्याचा हेतू विफल करणारा करार रद्दबातल आहे, असा युक्तिवाद करता येईल. पण तो युक्तिवाद सिद्ध करण्याचा खर्च पहिल्या लढवय्याच्या माथी येतो.

तिसरे कारण अज्ञान. या कायद्यात कलम ६० आहे. कोणी निराधार धमकी दिली तर ज्याला धमकी मिळाली तोच न्यायालयात जाऊन, आपण भंग केलेला नाही, असे घोषित करून घेऊ शकतो. पुढच्या धमक्यांना मनाई आणि झालेल्या नुकसानीची भरपाईही मागू शकतो. धमकी देणाऱ्याने तत्परतेने स्वतः दावा लावला तर हे कलम लागू राहत नाही. पण तेवढ्यानेही नोटिशीमागचा दम खरा की पोकळ, हे उघड होते. त्या तरुणाने या कलमाचे नाव ऐकले नव्हते. त्याच्या वकिलाने ऐकले होते. वापरलेले मात्र कधी पाहिले नव्हते.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. चांगला इंटरफेस आखणे हे कौशल्याचे आणि खर्चाचे काम आहे, शिवाय कोणीही येऊन जोडू लागला तर रुग्णांच्या माहितीची सुरक्षितता धोक्यात येईल, असे त्या म्हणतात. पहिल्या मुद्द्याचे उत्तर असे की, त्या कौशल्याचे मोल प्रणालीच्या किमतीत मिळालेले असते आणि आतला कोड पूर्ण संरक्षित राहतो. दुसरा मुद्दा रास्त आहे. पण सुरक्षितता सांकेतिक कुलपांनी आणि ओळख पटवण्याच्या व्यवस्थेने राखायची असते. नमुना गुप्त ठेवून नव्हे. शिवाय नोंदी रुग्णांच्या आहेत. त्या कोणाला दाखवायच्या, हे ठरवण्याचा अधिकार रुग्ण आणि रुग्णालयाचा. कपाट विकणाऱ्याचा नव्हे.

मोटारींच्या बाबतीत आपण हा वाद एकदा अनुभवला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दोष शोधण्याची उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली जात नाही, ही तक्रार होती. बौद्धिक संपदेचा बचाव तिथेही पुढे आला. आयोगाने तो मान्य केला नाही. गॅरेजवाल्याला जो न्याय, तो सॉफ्टवेअरच्या कारागिराला का नसावा?

सरकारला हे कळत नाही, असेही नाही. २०१५ मध्येच केंद्राने आपल्या खात्यांसाठी खुल्या इंटरफेसचे धोरण जाहीर केले. देशभरच्या न्यायालयांत वापरली जाणारी खटल्यांच्या माहितीची प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने मुक्त सॉफ्टवेअरवर उभारली, आणि सरकारी खात्यांना आपल्या खटल्यांची माहिती थेट घेता यावी म्हणून तिचा इंटरफेसही खुला करण्यात आला. ई-न्यायालयांच्या तिसऱ्या टप्प्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. जबलपूरच्या उच्च न्यायालयात खटल्याची तारीख घरबसल्या कळते ती अशा व्यवस्थेमुळे. न्यायसंस्थेने स्वतःच्या खिडकीसाठी जे तत्त्व स्वीकारले, ते बाजारातल्या खिडक्यांना मात्र अजून लागू नाही.

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. कलम ५२ मध्ये दोन वाक्ये जोडावीत. एक, परस्पर-जोडणीसाठी आवश्यक असलेली आज्ञांची नावे, क्रम आणि माहितीचे नमुने वापरणे हा प्रताधिकाराचा भंग नाही. आजचे पोटकलम माहिती ‘मिळवण्या’ची मुभा देते, ती ‘वापरण्या’बद्दल स्पष्ट बोलत नाही आणि नोटिशी याच फटीतून येतात. दोन, या मुभेला बाधा आणणारी कराराची अट निरर्थक असेल. याखेरीज, सार्वजनिक पैशाने प्रणाली विकत घेताना इंटरफेसचे संपूर्ण दस्तऐवज आणि नोंदी बाहेर काढण्याचा हक्क ही निविदेची अट असावी. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून रुग्णांच्या नोंदी रुग्णालयांमध्ये फिरत्या करू पाहते आहे. ज्या नोंदी एकाच इमारतीतल्या दोन संगणकांमध्ये फिरू शकत नाहीत, त्या देशभर कशा फिरणार?

निघण्यापूर्वी मी त्या तरुणाला कलम ६० बद्दल सांगितले आणि स्थानिक वकिलाचा सल्ला नीट घेण्यास सुचवले. परवा त्याचा फोन आला. वकिलाची फी, तारखांना जाणारे दिवस आणि मधल्या काळात हातून जाणारी कामे, असा हिशेब त्याने मांडला होता. दावा जिंकला तरी वर्षभराची कमाई जाईल, असे त्याचे गणित निघाले. ‘कायदा माझ्या बाजूने आहे ना, सर?’ त्याने विचारले. ‘आहे,’ मी म्हणालो. ‘मग तो नोटिशीसारखा एका पानात लिहून का ठेवत नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकलो नाही. ते संसदेने द्यायचे आहे, आणि त्याला दोन वाक्ये पुरतील.